अमावस्या ते षष्ठी: जतच्या पोरांचे समुद्रावरचे सात दिवस

रिफ्रॅक्टोमीटर हे वीतभर लांबीचं, नळीसारखं यंत्र. पुढच्या तिरप्या काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, वरची झडप मिटायची आणि उजेडाकडे धरून एका डोळ्याने आत बघायचं. निळा आणि पांढरा रंग जिथे एकमेकांना टेकतात तिथला आकडा म्हणजे पाण्याचा खारेपणा, हजार भागांत किती भाग मीठ ते. मालवणच्या खडकांवर नववीतल्या समाधानने ते डोळ्याला लावलं आणि "पस्तीस!" म्हणून ओरडला. मग कुणी काही सांगायच्या आत त्याने पाठपिशवीतली पाण्याची बाटली काढली. घरच्या विहिरीचं पाणी होतं, प्रवासात पुरवून ठेवलेलं. काच पुसून त्याचा एक थेंब टाकला. रेघ शून्याच्या किंचित वर उभी राहिली. "बाई, आमचं बी खारट हाय की. मी म्हणत हुतो न्हवं?"

मी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. आमच्याकडे जानेवारी सरला की टँकरची भाषा सुरू होते. विहिरीचं पाणी खाली जाईल तसं मचूळ होत जातं, हे इथल्या प्रत्येक पोराला जिभेने ठाऊक असतं. अशी अठरा मुलं-मुली घेऊन मी २०२३च्या जानेवारीत मालवणला सात दिवसांच्या सागरी विज्ञान शिबिराला गेले. त्यातल्या पंधरा जणांनी समुद्र कधी पाहिला नव्हता.

शिबिराची तारीख ठरवायला फोन केला तेव्हा पलीकडच्या ताईने पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडे कालनिर्णय आहे का हाताशी?" तिला आमच्या परीक्षेच्या किंवा सुट्टीच्या तारखा नको होत्या, अमावस्या हवी होती. २१ जानेवारीला मौनी अमावस्या होती आणि त्या दिवशी चंद्र पृथ्वीच्या नेहमीपेक्षा बराच जवळ येणार होता, म्हणजे उधाण मोठं आणि ओहोटीही खोल. २१ ते २७ असं ठरलं. आता कुणी शिक्षक मला विचारतात, शिबिर चांगलं की नुसती सहल, हे कसं ओळखायचं? मी हाच पहिला प्रश्न सांगते: तारीख देताना त्यांनी तिथी बघितली का ते पाहा.

नंतरचा दीड महिना परवानग्यांचा. शिक्षण विभागाचं पत्र, डॉक्टरांचे दाखले, विमा, एसटीची शालेय सहलीची निम्म्या भाड्यातली गाडी. हे सगळं होतं, वेळ लागतो एवढंच. खरी मेहनत घरोघरी होती. मुलगे विहिरीत पोहून तयार झालेले, त्यांच्या घरी कुणी फार विचारलं नाही. सात मुलींपैकी एकीलाही पोहता येत नव्हतं. कोमलच्या आजीने मला ओट्यावर बसवून घेतलं, चहा दिला आणि म्हणाली, "बाई, पाण्यासाठी आमची हयात गेली. आता पोरीला पाण्यात घालायला न्यायला निघालाय होय?" लाइफ जॅकेट म्हणजे काय, ते मी तिला फोनवर दाखवलं. पाळीच्या दिवसांत मुलीला पाण्यात उतरायची सक्ती होणार नाही, त्या दिवशी किनाऱ्यावर मोजणीचं काम असेल, हे तिच्या आईला आत जाऊन वेगळं सांगितलं. शेवटी आजी म्हणाली, "ने. पण रोज फोन लाव." पैशाचं म्हणाल तर माणशी चार हजार दोनशे खर्च आला. त्यातला निम्मा गावच्या दूध संकलन केंद्रावर पेटी ठेवून जमवला.

फोंडा घाट उतरलो तसं मुलं खिडक्यांतून डोकी काढून झाडं बघत राहिली. समुद्र दिसायच्या आधीच ती दमली होती.

शिबिर चालवणारे दोघे. ताई गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान शिकलेली, दादा रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातला. त्यांच्यासोबत होडीचे तांडेल, साठीच्या पुढचे, ज्यांना मुलं लगेच तांडेलकाका म्हणू लागली. पहिल्या सकाळी काकांनीच तास घेतला. "तिथीची पाऊणपट करूची, भरतीचो टायम गावता." दादाने फळ्यावर मांडून दाखवलं. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमारास पूर्ण भरती. त्याच्या सव्वासहा तास आधी, सव्वासातच्या आसपास, पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, जागेनुसार थोडा मागेपुढे होतो, पण छापील तक्त्याशी ताडून पाहिला तर कामापुरता नेमका निघतो. रोज चंद्र सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, ओहोटीही तेवढीच सरकते. त्यामुळे आमचा नाश्ता, जेवण, झोप सगळं रोज पुढे सरकत गेलं. पंचमीला आम्ही खडकांवर उतरलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते.

पहिली उतरणी अमावस्येच्या संध्याकाळी, रॉक गार्डनच्या खालच्या खडकांवर. पाणी इतकं मागे गेलं होतं की काकाही म्हणाले, एवढी सुकती रोज दिसत नाही. वरच्या पट्ट्यात हरभऱ्याएवढे शंख फटींत दाटीने बसलेले. त्याखाली खडकाला कायमचे चिकटलेले बार्नेकल नावाचे कवचधारी प्राणी आणि कालवं. त्याहून खाली झोअँथिडचे, म्हणजे फुलासारख्या मऊ प्राण्यांचे, हिरवट-तपकिरी गालिचे, ओलसर, मिटलेले, आणि अगदी काठाला सरगॅसम या समुद्री शेवाळाची पिवळट झुडपं. असे पट्टे का पडतात, तर वरच्याला ऊन आणि कोरड सोसावी लागते, खालच्याला शेजाऱ्यांशी जागेसाठी भांडावं लागतं. ज्याला जे झेपतं त्या उंचीवर तो राहतो. मी हे पुस्तकातून कितीदा शिकवलं असेल, पण गुडघ्यापासून घोट्यापर्यंतच्या उतारात ते असं रेघा आखल्यासारखं दिसतं, हे मला माहीत नव्हतं.

ताईचे नियम मोजके होते. जुने कॅनव्हासचे बूट घालायचे, चप्पल चालणार नाही. झोअँथिडवर पाय द्यायचा नाही. शंकूच्या आकाराच्या शंखाला हात लावायचा नाही, कारण काही शंकूशंख विषारी नांगी मारतात. घरी न्यायला काही उचलायचं नाही. मालवणचा हा पट्टा १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेला, राज्यातलं पहिलं. आणि एखादा दगड उलटलात तर तो होता तसा, त्याच जागी, त्याच बाजूने परत ठेवायचा.

कोमलने दगड उलटला. दोन हातांत मावेल एवढा. खालच्या बाजूला केशरी स्पंज पसरलेला, त्याच्या कडेने एक ब्रिटल स्टार, तारामाशासारखा प्राणी, आपले पाच बारीक बाहू वळवत सावलीकडे निघालेला, आणि मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढ्या पिवळसर कुप्या ओळीने चिकटवलेल्या. कुठल्याशा गोगलगायीची अंडी. कोमलने हाक मारली, सगळे जमले, मीही फोटो काढायला वाकले. एवढ्यात काकांची शिट्टी झाली, पाणी फिरलं होतं. मी मुलांना घाई केली आणि आम्ही वर आलो. दगड तसाच राहिला, पोट आभाळाकडे करून.

दुसऱ्या दिवशी कोमल मला बाजूला घेऊन तिथे गेली. ब्रिटल स्टार नव्हता. अर्ध्या कुप्या फाटलेल्या, त्यांच्यात काही उरलं नव्हतं. दोन खेकडे उरलेल्या कुप्यांपाशी बसले होते. स्पंजवर गाळ बसून तो मळकट झाला होता. ती बराच वेळ उकिडवी बसून राहिली. मग तिने दगड दोन्ही हातांनी उचलून पालथा ठेवला आणि मला विचारलं, "बाई, आता बसतील का ते परत?" मला उत्तर येत नव्हतं. ताईला विचारलं तर ती रागावली नाही. म्हणाली, स्पंज कदाचित टिकेल, अंडी गेली. कोमलने वहीत तेवढंच लिहिलं: दगड, वेळ, काय होतं, काय उरलं. घाई मी केली होती, हे मी त्याच रात्री सगळ्या मुलांसमोर सांगितलं. त्यानंतर पाच दिवस एकही दगड उलटा राहिला नाही. मुलं जोडीजोडीने उलटायची, एकाने धरायचा आणि दुसऱ्याने वीसपर्यंत मोजायचं.

शिबिराचं मुख्य काम म्हणजे चौकट. प्लास्टिकच्या पाइपची, अर्धा मीटर लांब-रुंद, आत दोऱ्याने पाडलेली पंचवीस घरं. वरून खाली दोरी ताणायची, ठरलेल्या अंतरावर चौकट ठेवायची आणि आत जे दिसेल ते मोजायचं. तीन गटांनी एकाच चौकटीतले बार्नेकल मोजले. आकडे आले २१२, १८७ आणि २६०. मुलं एकमेकांवर धावून जायच्या बेतात होती. दादाने तिन्ही आकडे फळ्यावर लिहिले आणि विचारलं, मेलेले रिकामे कवच कुणी कुणी मोजलं? दोऱ्यावर बसलेला कुणाच्या घरात धरला? तासभर वाद झाला. शेवटी मुलांनीच ठरवलं: जिवंत तेवढेच, आणि कडेवरचे फक्त वरच्या व डाव्या बाजूचे. दुसऱ्या मोजणीत आकडे एकमेकांच्या दहा-बारात आले.

त्या वादात समाधान म्हणाला, "हे तर पैसेवारीसारखंच हाय. सायेब लोक रानात चौकोन आखत्यात, त्यातलीच ज्वारी कापून वजन करत्यात, आन सगळ्या गावाचा दुष्काळ ठरतो." दादाने त्याला पुढे बोलावून सगळं नीट सांगायला लावलं. चौकोन कुठे आखायचा हे आधीच चिठ्ठीने ठरवतात, नाहीतर माणूस डोळ्याला बरं दिसतं तिथे आखतो, इथपर्यंत पोराला माहीत होतं, वडिलांच्या रानात दोनदा पीक कापणी प्रयोग झालेला. मी त्याला दोन वर्षं शिकवत होते आणि हे त्याला येतं याचा मला पत्ता नव्हता. आमची मुलं समुद्रापासून लांब राहतात म्हणून मागे पडतील अशी माझी भीती होती. ती भीती तिथेच गेली.

मोजणीतून उठून मुलींनी एक गोष्ट शोधली ती सांगते. बार्नेकल दगडाच्या पुटकुळीसारखा दिसतो, मेल्यासारखा. रुक्मिणीने ओंजळीने एका खळग्यात पाणी सोडलं आणि तोंड जवळ नेऊन बसली. दोन-तीन मिनिटांनी कवचाची झडप उघडली आणि आतून पिसासारखे पाय बाहेर आले, पाणी ओढल्यासारखं करून आत गेले, पुन्हा आले. हा प्राणी डोक्याने खडकाला चिकटतो आणि आयुष्यभर पायांनी जेवतो. रुक्मिणीने एका मिनिटात किती वेळा पाय बाहेर येतात ते मोजलं. पुढचे सगळे दिवस ती त्याच बार्नेकलकडे जात राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी रापण होती. होडीतून अर्धवर्तुळात टाकलेलं लांबलचक जाळं दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून ओढायचं, निम्मी वाडी दोरीला. मुलांनीही हात लावला. जाळ्यात पेडवे, थोडे बांगडे, दोन केंड आणि बरंच प्लास्टिक आलं. वाटे पडले तेव्हा एका काकूंनी आमच्या नावाचा ढीग वेगळा काढला. मी नको म्हणाले. "दोरीक हात लावलात न्हय? मग तुमचो वाटो आसा." माळकरी घरातल्या पाच मुलांनी आपला वाटा बाकीच्यांना दिला. पण सगळ्यांनी मिळून प्रत्येक बांगडा पट्टीने मोजला, कारण दादाने सांगितलं होतं की पिल्लावस्थेतला मासा धरला की पुढच्या हंगामाचा मासा धरला. त्याच वर्षी पुढे राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिल्याची बातमी आली, तेव्हा वर्गात सगळ्यांत आधी ती वाचली ती ह्याच मुलांनी.

पाण्याखाली बघायचा दिवस पाचवा. आधी दोन दिवस चिवला किनाऱ्याच्या शांत पाण्यात, छातीइतक्या खोलीत, तोंडाने श्वास घ्यायचा सराव. विहिरीत सूर मारणाऱ्या मुलांना हे मुलींपेक्षा अवघड गेलं. त्यांना श्वास कोंडून खाली जायची सवय, इथे वर तरंगत हळू श्वास घ्यायचा होता. मग होडीने सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ. मी पंचेचाळीस वर्षांची होते आणि पहिल्यांदाच प्रवाळ पाहिलं: घुमटासारखं पोरायटीस, पानांच्या थरांसारखं टर्बिनारिया. अर्धा तास मी कुठल्याही मुलाकडे पाहिलं नाही, दादाने पाहिलं. शेजारी एका पर्यटकांच्या होडीतून मासे जमावेत म्हणून पाव टाकत होते आणि नांगर थेट खडकावर सोडला होता. प्रवाळाचा तुटलेला तुकडा तळाशी पांढरा पडलेला दिसत होता. प्रवाळाची वाढ काही जातींत वर्षाला सेंटिमीटरभरसुद्धा होत नाही. नांगरासाठी तिथे कायमचे तरंगते बोये बसवले आणि सगळ्यांनी त्यालाच होडी बांधली तर हे थांबतं. मुलांनी परत आल्यावर तसा अर्ज लिहून योग्य त्या कचेरीत पाठवला. उत्तराची वाट आम्ही अजून बघतोय.

किल्ल्यात गेलो तेव्हा तटबंदीआधी मुलांनी विहिरी विचारल्या. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी पस्तीसचं पाणी आणि मध्ये कुरटे बेटावर शिवरायांनी राखलेलं गोडं पाणी. समाधानने थेंब टाकला. रेघ शून्यावर. गावच्या विहिरीपेक्षाही खाली. पावसाचं पाणी खडकात मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, गोडं हलकं असतं म्हणून. उपसा बेताचा असेल तोवर ते टिकतं, जास्त ओढलं की खालचं खारं वर येतं. हे ताई सांगत होती आणि माझी मुलं एकमेकांकडे बघत होती. त्यांच्या शिवारातल्या चारशे-पाचशे फुटांच्या बोअरचं काय झालं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

समाधानच्या गटाने एक कुंड निवडलं होतं, खडकांच्या अगदी वरच्या टोकाला, परातीएवढं. तिथे फक्त मोठ्या उधाणाचं पाणी पोहोचायचं. तृतीयेपर्यंत भरतीने ते रोज भरलं आणि खारेपणा ३५ राहिला. मग उधाण ओसरू लागलं. चतुर्थीला ३७. पंचमीला ३९, तो प्रजासत्ताक दिनही होता, झेंडावंदन करून आम्ही खडकांवर गेलो. षष्ठीला ४१. वीतभरही नसलेलं पाणी उन्हात आटत होतं, मीठ तेवढंच. कुंडातले दोन छोटे मासे आणि एक कोळंबी अजून हिंडत होती, शंख मात्र काठाकडे सरकून कवच मिटून बसले होते.

शेवटच्या रात्री वाडीतल्या एका अंगणात मुलांनी आपलं काम मांडलं. समोर तांडेलकाका, रापणीच्या काकू, आजूबाजूची माणसं. समाधानने कुंडाचा आलेख पुठ्ठ्यावर काढला होता. पाठीमागून एका काकूंनी विचारलं, "मगे त्या कोंडीतले जीव मरतत काय?" तो थोडा थांबला. म्हणाला, "पौर्णिमेचं उधाण येईस्तोवर टिकलं तर जगत्यात. आम्ही उद्या जाणार, तवा तुमी बघा." काकू म्हणाल्या, बघतंय. आणि त्यांनी खरंच पाहिलं. पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी ताईच्या फोनवरून निरोप आला, कुंड भरलं, कोळंबी आहे, मासा एकच दिसला.

परतल्यावर शाळेमागच्या माळावर तशाच चौकटी घेऊन गवत मोजायचं काम सुरू झालं. तार वाकवून केलेल्या चौकटी आहेत, दर महिन्याला त्याच दहा जागा. फळ्याच्या कोपऱ्यात तारखेखाली तिथीही लिहिली जाते. ते कुणी सुरू केलं, मला माहीत नाही.

जूनच्या शेवटी, शाळा सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, पाऊस अजून आला नव्हता. मधल्या सुट्टीआधीचा तास. रुक्मिणीने हात वर केला. "बाई, आज अष्टमी." मी म्हटलं, मग? "आठाची पाऊणपट सहा. म्हणजे आत्ता बारा वाजता तिकडं सुकती असंल." मागच्या बाकावरून समाधान म्हणाला, "पण भांगाची हाय. पाणी लांब जायचं न्हाई. तुझा बार्नेकल भिजलेलाच असंल."